पेडलमधली बाई

राजधानीकडून इकितोसला रस्ता येत नाही.
सुटे भाग बोटीने येतात, आठवडे लावून,
बिघाड मात्र हवेतूनच, फुकट.

एर्मोखेनेस शुपिंगाहुआ आला
तेव्हा मी एका पंख्याचं पोट उघडून बसले होते.
मासळीच्या पिशवीतून त्याने पिवळं पेडल काढलं.
"घरघरतंय. आणि शनिवारी लग्न आहे."
"कुणाचं?"
"माझं नाही. वाजवायचंय."

घाईवाल्याच्या वस्तूला मी मुद्दाम हळू हात लावते.
वडिलांनी दुकानासोबत एकच शास्त्र दिलं:
दुखणं हाल्याला, इंजेक्शन पखालीला, असं करायचं नाही.
म्हणून आधी गिटार काढली. आवाज आहे.
वायर बदलली. आहे.
अॅडॉप्टर उपटला, नऊ व्होल्टची बॅटरी लावली.
थोडा उतरला, गेला नाही.
डोक्यावरची ट्यूबलाइट बंद केली.
अंधारात आम्ही दोघं,
आणि तिसरा तो, खर्जात.

मग मी पत्र्यावर बोट टेकवलं.
गप्प.
बोट काढलं. घर्रर्र.
"बघ," म्हटलं, "तुझ्या पेडलला जमीन नाही.
माझ्या अंगातून शोधतंय."

चार स्क्रू. चौथा गंजलेला,
तेल, थुंकी, शिवी, या क्रमाने निघाला.
आत हिरवी बुरशी, दोन मेलेल्या मुंग्या,
आणि जॅकपाशी काळी तार,
तिच्यावर डाखाचा एक राखाडी थेंब,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा
कडेवर जेमतेम टेकलेला.
"हा कुणी दिला?"
"मीच. बोटीवर. चमचा तापवून."
चमच्याच्या मानाने बरा होता. मी बोलले नाही.

सोल्डरिंग आयर्न तापत होतं.
"थांब," तो म्हणाला, आणि बटण पूर्ण पिळलं.
खरखरीच्या तळातून, विहिरीतून यावी तशी, एक बाई:
"...ओतिलिया मुरायारी यांना कळवण्यात येतं की
भाऊ सुखरूप पोचला, मीठ बुधवारच्या बोटीने..."
नदीकाठच्या गावांचे निरोप. रोज संध्याकाळी लागतात.

"अकरा वर्षं आहे ती यात.
दोन गाण्यांच्या मधे, लोक टाळ्या वाजवतात तेव्हा
मी हिला ऐकत असतो."
"रेडिओ घे की."
"रेडिओवर ती सगळ्यांशी बोलते."

यात गूढ काही नाही.
सुटलेली तार अँटेना होते,
कच्चा डाख तिने धरलेल्या लहरीतून बोलणं गाळतो.
त्याला सांगितलंही.
त्याने मान डोलावली, मग म्हणाला,
"खरखर काढ. बाई ठेव."
दोघी एकाच फटीतून येतात, म्हटलं.
फट बुजली की बुजली.
तो पंख्याच्या उघड्या पोटाकडे बघत राहिला.
"शनिवारी लग्न आहे," पुन्हा म्हणाला,
या वेळी ते मला सांगत नव्हता.

धूर, राळेचा वास, तीन सेकंद.
थेंब पसरला, चमकला, धरून बसला.

त्याने एक जुनी चाल वाजवली.
स्वर करवतीसारखा निघाला, हवा तसा, दाते शाबूत.
आणि थांबला तेव्हा खरंच थांबला.
पाय पेडलवर ठेवून तो बराच वेळ उभा होता.
"छान," म्हणाला,
रिकाम्या केलेल्या घराला म्हणतात तसं.
अर्धे पैसे दिले, अर्ध्याची धुरावलेली मासळी.

सोमवारी परत आला.
लग्न झकास झालं. नवरदेव नाचताना पाण्यात पडला.
पेडलबद्दल तक्रार नाही, अजिबात.
मग खिशातून चमचा काढून त्याने टेबलावर ठेवला,
एका अंगाने जळून काळा झालेला.
"घरी अजून एक पेडल आहे, मेलेलं.
डाख मीच देईन.
तू फक्त दाखव, नेलिदा,
कच्चा कुठे ठेवायचा."

मी पंखा बाजूला सारला.